तार फार ताणू नये, अंगही ताणू नये

पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिस संस्थेने उभारलेले परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वस्तुसंग्रहालय आहे. त्याचे उद्घाटन १९९६ साली झाले. माईसाहेबांनी जिवापाड जपलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू तेथे आहेत आणि त्यांत एक व्हायोलिनही आहे. मधुमेहाने व पायांच्या दुखण्याने शरीर थकलेले असताना, उतारवयात बाबासाहेब व्हायोलिन शिकत होते. धायरीहून सिंहगड रस्त्याने शहरात जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी एखाद्या रविवारी मुलाबाळांसह ते अवश्य पाहावे.

ते पाहून घरातील मुलगी व्हायोलिन शिकायचे म्हणते. चार महिन्यांत तिची मान अवघडते, खांदा भरून येतो. मग घरचेच म्हणतात, "राहू दे, हे आपल्या लोकांचे काम नाही." वाचकहो, या वाक्यास आमचा सक्त विरोध आहे. कला कोणाच्या रक्तात नसते. बहुतेक वेळा दोष असतो तो बसण्याच्या पद्धतीत, आणि तो सुधारता येतो.

व्हायोलिनचे वजन जेमतेम अर्धा किलो, गजाचे साठ ग्रॅमच्या आसपास. थकवा वजनाने येत नाही, तो धरून ठेवण्याने येतो. पाश्चात्त्य पद्धतीत वाद्य खांदा व हनुवटी यांच्यामध्ये असते. तेथे खांदा कानाकडे उचलला की मान आखडते. आपल्याकडे मांडी घालून बसतात, वाद्याचे टोक उजव्या पावलावर टेकवितात व दुसरी बाजू छातीला डाव्या खांद्याजवळ लावतात. वाद्याचा भार पावलावर गेल्याने डावा हात मींड घेण्यास मोकळा राहतो. मात्र पाठीला पोक आले, तर हा लाभ वाया जातो. बैठकीखाली चादरीची घडी घ्यावी. गुडघे खाली जातात व कणा आपोआप सरळ होतो.

गज मुठीत आवळू नये, बोटांवर विसावू द्यावा. डाव्या अंगठ्याने मान चिमटीत पकडू नये. मुलांसाठी पाऊण, अर्ध्या व पाव मापाची व्हायोलिने मिळतात. "पुढे उपयोगी पडेल" म्हणून मोठे वाद्य घेऊ नये, मुलाचा हात त्यात ताणला जातो.

धायरी-नऱ्ह्याच्या कारखान्यांत दिवसभर यंत्रावर उभे राहणाऱ्या बंधूंचे व शिलाई मशीनवर वाकणाऱ्या भगिनींचे खांदे आधीच आखडलेले असतात. त्यांनी वाद्य हाती घेण्यापूर्वी पाच मिनिटे हात सैल सोडून फिरवावेत. वीस-पंचवीस मिनिटांनी वाद्य खाली ठेवावे. बोटांना मुंग्या येत असतील, बधिरपणा जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. हातावर पोट असणाऱ्याने हाताचे दुखणे अंगावर काढू नये.

सोण नावाचा भिक्खू चालत ध्यान करताना पाय रक्तबंबाळ होईपर्यंत झटला, तरी त्याचे मन स्थिर होईना. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला विचारले, तार फार ताणली तर वीणा सुरात लागते काय? फार ढिली असली तर लागते काय? दोन्हींना त्याने नाही म्हटले. प्रयत्नाचेही तसेच आहे, हे त्याला समजले.

सतिपट्ठानात कायानुपस्सना सांगितली आहे. चालताना, उभे असताना, बसताना, पडल्यावर, शरीर कसे आहे ते जाणावे. वाजवितानाही मधूनच स्वतःस विचारावे : श्वास रोखला आहे काय? दात आवळले आहेत काय? खांदा वर चढला आहे काय? जाणीव झाली की ताण सैल करावा आणि पुन्हा सूर लावावा.

विहारात बुद्धवंदनेनंतर मुलांना ताठ पण सैल बसण्याची सवय लावावी. पुढे ती मुले व्हायोलिन घेवोत, हार्मोनियम घेवोत वा पुस्तक घेवोत, ही बैठक त्यांना जन्मभर उपयोगी पडेल. आणि ज्यांचे वय झाले आहे त्यांनीही मागे राहू नये. बाबासाहेबांनी वयाची सबब सांगितली नाही. जयभीम!