समुद्रावरचा पतंग आणि पिको-फॉलचे मशीन

आमच्या लहानपणी पतंग फाटला तर कोणी दुकानात जात नसे. शिजलेल्या भाताची चार शिते, जुन्या पतंगाच्या कागदाचा तुकडा आणि दोन मिनिटे ऊन, एवढ्यात दुरुस्ती व्हायची. नंदुरबार गुजरातला लागून आहे, त्यामुळे संक्रांतीला येथील गच्च्यांवर सुरतेसारखीच धांदल असते. ठिगळ एका अंगाला जड झाले की पतंग त्या अंगाला कलायचा. उर्दूत याला 'कन्नी खाणे' म्हणतात. मग दुसऱ्या टोकाला चिंधी बांधून तोल साधायचा. हा हुनर पन्नाशी उलटल्यावर पुन्हा हाती धरावा लागेल असे वाटले नव्हते.

माझा एक भाचा गोव्यात, पेडणे तालुक्यातील मोरजीच्या किनाऱ्यावर कामाला असतो. सुटीत घरी आला तेव्हा पाठीवर उंटाच्या पोत्याएवढी पिशवी होती. माझ्या दुकानात, गादीवर त्याने ती उघडली आणि दहा मीटर चौरसाचा एक पतंग पसरला. दोन थाने सरकवावी लागली. मध्यभागी वीतभर फाटले होते आणि मागच्या कडेच्या चिंध्या झाल्या होत्या. म्हणाला, "मामू, नवा लाखाच्या पुढे आहे. हा कुणाकडून जुना घेतलाय. सीझनच्या आधी शिवून पाहिजे."

हा पतंग उडवण्याचा नाही, तो माणसालाच ओढतो. कमरेला पट्टा, पायाखाली फळी, हातात दांडा आणि वर वीस-पंचवीस मीटर दोरांवर हा पतंग. वारा पतंगाला ओढतो आणि माणूस पाण्यावरून सुसाट निघतो. मोरजी-आश्वे भागात दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, त्यावर हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या आधीपर्यंत हा खेळ चालतो. दक्षिणेत रामेश्वरम आणि तुतिकोरिनकडेही चालतो. पतंगाने ओढण्याची कल्पना जुनीच. इंग्लंडातील ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक याने 1826 मध्ये पतंगाने ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले होते. पण पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उठत नसे. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातील लेगेनू बंधूंनी 1984 मध्ये पुढच्या कडेला हवा भरलेली नळी असलेल्या पतंगाचे पेटंट घेतले, तेव्हा तो पाण्यावर तरंगू लागला आणि पुढे धंदा उभा राहिला. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मार्सेयच्या समुद्रात या खेळाच्या शर्यती प्रथमच झाल्या. त्या शर्यतीचे पतंग मात्र नळीचे नव्हते, उडतानाच आत हवा भरून घेणारे होते.

माझे काम कापडाचे, म्हणून मी आधी कापड पाहिले. मधला पडदा पॉलिस्टरचा, चौरस मीटरला साधारण 50 ग्रॅम वजनाचा, कागदासारखा वाजणारा. त्यात बारीक चौकड्या दिसतात. ताण्यात आणि बाण्यात ठरावीक अंतराने जाड धागा घातलेला असतो. कापड फाटू लागले की फाट त्या जाड धाग्याशी येऊन अडते. हे विणकाम पॅराशूटच्या कापडासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुढे आले. पुढची नळी मात्र जाड, घट्ट विणीच्या पॉलिस्टरची, आणि तिच्या आत रबरासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकचा फुगा.

आता माझी चूक सांगतो. चौकडीचे कापड आमच्या धंद्यात नवे नाही. छत्री, रेनकोट, बॅग यांच्यासाठी असा माल सुरतेहून येतो. मी रंग जुळवून एक तुकडा काढला, टेलरकडून शिवून घेतला आणि भाच्याला मोठ्या ऐटीत दिला. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. ठिगळ ताणून फुगले होते, तेथे पोट निघाले होते आणि पतंग एका अंगाला ओढत होता. दोष टेलरचा नव्हता, कापडवाल्याचा होता. पतंगाच्या कापडावर राळेचा कडक थर असतो. त्यामुळे ते उरेबमध्ये ओढले तरी फारसे ताणत नाही आणि वाराही आरपार जाऊ देत नाही. छत्रीचे कापड उरेबमध्ये धरून ओढा, बोटभर लांबते. तीस वर्षे ग्राहकांना मी कापड उरेबमध्ये ओढून दाखवतो आणि स्वतःच्या भाच्याच्या वेळी विसरलो.

योग्य कापड सुटे, मीटरवर मिळणे कठीण. पण ते मेलेल्या पतंगात असते. किनाऱ्यावर दर वर्षी काही पतंग कायमचे निकामी होतात, कुणी ते कोपऱ्यात टाकून देतो. एका मेलेल्या पतंगातून दहा जिवंत पतंगांची ठिगळे निघतात. भाच्याने असे दोन जमवले आणि पाठवून दिले. तुकडा घेण्यापूर्वी कस पाहावा. ओठाला लावून फुंकर मारा, हवा सहज पार गेली तर तो टाकून द्या. दोन्ही हातांत धरून कडेला जोर द्या, कागदासारखा टरकला तर उन्हाने त्याचा जीव गेला आहे. ज्याला कापडाची जात ओळखायची आहे त्याने एक धागा जाळून पाहावा. पॉलिस्टर काळा धूर देते आणि कडक मणी होतो.

दुसऱ्या वेळी काम असे केले. पतंग गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवला, कारण मिठावर कोणताही गोंद धरत नाही. फाटलेल्या जागी स्पिरिटने पुसले. टेबलावर सपाट पसरून फाटीच्या दोन्ही कडा एकमेकींना भिडवल्या, एकीवर एक चढू दिली नाही. बोटभर फाट असती तर पतंगाच्या कापडाचीच चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी लावून, चमच्याच्या पाठीने घासून काम संपले असते. पट्टीचे कोपरे गोल कापायचे, टोकदार कोपरा आधी उचकटतो. पण वीतभर फाटीला शिलाई पाहिजेच. ठिगळाचा उभा धागा पतंगाच्या उभ्या धाग्याशी जुळवला, दुहेरी चिकटपट्टीने ते जागेवर बसवले आणि मगच मशीनखाली घेतले. हे कापड इतके निसरडे असते की कच्चे टाके घालूनही ते सरकते. चिकटपट्टी हाच येथे कच्चा टाका.

शिलाई साधी सरळ नको. सरळ टीप ताणाखाली तटकन तुटते आणि टाके जवळजवळ पडले तर टपाल तिकिटाच्या कडेसारखी भोके होऊन तेथूनच फाटते. वाकडी, नागमोडी टीप पाहिजे. ती मारणारे मशीन आपल्या प्रत्येक बाजारपेठेत आहे: साड्यांना पिको-फॉल करणाऱ्या बाईंकडे. आमच्या गल्लीतील आपाने पतंग पाहून आधी हात जोडले, मग अर्ध्या तासात दोन फेऱ्या मारून दिल्या. सुई बारीक, धागा पॉलिस्टरचा. सुती धागा मीठ-पाण्यात कुजतो. शेवटी ठिगळामागचे फाटके कापड कापायचे, तेही कात्रीने नाही. रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या कईयाने कापले की कडा वितळून बंद होते आणि धागे सुटत नाहीत. खाली काच किंवा पत्रा ठेवावा. आम्ही ठेवला नाही, माझ्या टेबलावर अजून डाग आहे.

मागच्या कडेचे दुखणे निराळे. ती कडा वाऱ्यात सतत फडफडते, आणि फडफड कापडाला उन्हापेक्षाही लवकर खाते. तेथे नुसती दुरुस्ती पुरत नाही, थोडा बदल करावा लागतो: कडेवर जाड पॉलिस्टरची दुमडपट्टी चढवावी, साडीला फॉल लावतात तशी. वजन किंचित वाढते, फडफड कमी होते. पट्टी दोन्ही अंगांना सारखीच लावायची. येथे आमची लहानपणची कन्नी आठवावी.

पुढची जाड नळी पिकोच्या मशीनला पेलणार नाही. तिची शिवण उसवली तर आतला फुगा बाहेर येतो आणि फुटतो. हे काम ताडपत्री शिवणाऱ्याकडे न्यावे. नंदुरबारात मिरचीच्या पथाऱ्या आहेत, अवकाळी पावसाची भीती आहे, म्हणून ताडपत्रीचे कारीगर आहेत. दुहेरी टीप मागावी आणि शक्य तेथे जुन्याच भोकांतून सुई न्यावी.

फुग्याचे पंक्चर सायकलवाल्यासारखेच शोधायचे, बादलीत बुडवून बुडबुडे पाहायचे. पण सायकलचे सोल्युशन आणि ठिगळ येथे धरत नाही. हा फुगा रबराचा नसून पॉलियुरेथेनचा असतो. त्याला त्याच जातीचे ठिगळ किंवा युरेथेनचा गोंद लागतो. सायकलचे ठिगळ संध्याकाळपर्यंत टिकते आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात सुटते. फुगा बाहेर ओढण्यापूर्वी त्याच्या टोकांना दोरी बांधावी, म्हणजे तीच दोरी ओढून तो परत आत जातो, जसा आपण पायजम्यात नाडा ओवतो. आत घालताना टाल्कम पावडर चोळावी, आणि थोडी हवा भरून पीळ पडला नाही ना हे चाचपावे. पीळ राहिला तर पूर्ण हवेला फुगा फुटणार.

दोर हा भाग मला सर्वांत अवघड वाटला, कारण तो कापडासारखा डोळ्यांना काही सांगत नाही. बोटाएवढाही जाड नसलेला हा पांढरा दोर शेकडो किलोचा ताण घेतो. तो डायनीमा किंवा तशाच जातीच्या तंतूचा असतो, पाण्यावर तरंगतो आणि फार गुळगुळीत असतो. त्यात दोन खोडी आहेत. गाठ मारली की त्याची ताकद जवळजवळ अर्ध्यावर येते, म्हणून तुटलेला दोर गाठ मारून जोडू नये. आणि तो साधारण 150 अंशांच्या आतच वितळतो; एक दोर दुसऱ्यावर जोरात घासला की कापला जातो. असा ताठ दोर बोटही कापतो. नायलॉन मांजाने पक्षी आणि माणसे मरू लागली तेव्हा 2017 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर बंदी घातली. त्यामुळे ताणलेला कृत्रिम धागा काय करतो हे आपल्या भागात सांगण्याची गरज नाही. एक दोर गेला तर त्याचा जोडीदारही बदलावा, नाहीतर जुना-नवा सारखे ताणत नाहीत.

कारण खरी मेख लांबीत आहे. पतंगाचा बहुतेक भार पुढचे दोन दोर घेतात, त्यामुळे ते वापराने लांबतात. मागचे दोन त्या मानाने आखूड राहतात आणि पतंग मागे पडू लागतो. लोक म्हणतात पतंग म्हातारा झाला. खरे तर दोर विषम झालेले असतात. चारही दोरांची टोके एका भक्कम खिळ्याला अडकवावीत, दुसऱ्या टोकाला दांडा सरळ धरून अंगाचा भार द्यावा आणि कोणता दोर ढिला आहे ते पाहावे. आखूड दोर ओढून लांबवता येतो. तेवढ्याने भागले नाही तर पतंगाच्या टोकाशी असलेल्या छोट्या दोरीवर दोन-तीन गाठी असतात, एक गाठ पुढे-मागे करावी. हा बदल फुकटचा आहे आणि माझ्या मते सर्वांत जास्त उपयोगाचा.

फळीबद्दल थोडेच, कारण ते सुताराचे आणि फायबरवाल्याचे काम. खरचटलेल्या जागी पाणी शिरू देऊ नये आणि इपॉक्सी राळच वापरावी. बाजारात स्वस्त मिळणारी पॉलिस्टर राळ इपॉक्सीच्या फळीवर नीट धरत नाही, आणि आत थर्मोकोल जातीचा फोम असेल तर तो विरघळून जातो.

एका वस्तूला मात्र हात लावू नये, असे मी भाच्याला बजावले. दांड्याखाली एक खटका असतो. वारा अंगावर आला, पतंग आवरेना, तर तो खटका ढकलला की ओढ सुटते. पूर्ण ताणाखाली, ओल्या हाताने, एका झटक्यात तो उघडला पाहिजे. या खटक्यासाठी आयएसओने 2020 मध्ये 21853 क्रमांकाचे मानक काढले. भाच्याच्या एका सोबत्याने तुटलेल्या भागाऐवजी हार्डवेअरच्या दुकानातील कडी बसवली होती. ती ताणाखाली उघडतच नव्हती. सुदैवाने वाळूवरच ध्यानात आले. खटका गोड्या पाण्याने धुवावा, रेती काढावी, पाण्यात उतरण्यापूर्वी दर वेळी ओढून पाहावा आणि बिघडला तर त्याच कंपनीचा नवा घ्यावा. येथे पैसे वाचवणे हा हिशेब नव्हे.

धंद्याच्या बाजूने सांगायचे तर नंदुरबारात बसून याचे दुकान निघणार नाही. मात्र ज्या मुलांची मोसमी नोकरी गोव्यात आहे आणि ज्यांच्या घरी शिलाई मशीन आहे, त्यांनी याकडे पाहावे. नागमोडी टीप मारणारे जुने मशीन, कईया, दोन मेलेले पतंग आणि स्वच्छ टेबल, एवढे भांडवल. ग्राहकाला आधीच सांगावे की ठिगळ किती दिवस टिकेल आणि कोणते काम आपण करत नाही. उन्हाने सडलेला पतंग शिवून देण्याचे पैसे घेऊ नयेत. सुई जेथे घालाल तेथून चार बोटांवर तो पुन्हा फाटणार, आणि फाटेल तेव्हा माणूस किनाऱ्यापासून लांब असेल.

आमचा पतंग दुसऱ्यांदा सुरतेहून कोकण रेल्वेच्या गाडीने गेला. आठवड्याने फोन आला: "मामू, ठिगळ बसलंय, पण उजवीकडे जरा ओढतोय." मी विचारले, दोर खिळ्याला लावून पाहिलेस का? नव्हते पाहिले. संध्याकाळी पुन्हा फोन आला. उजवा मागचा दोर दोन बोटे आखूड निघाला होता.