ठिपक्यांतील अंतर : प्रकाशफलक निवडावा कसा?

ठिपक्यांची रांगोळी काढताना दोन ठिपक्यांत किती अंतर ठेवावयाचे, हे रांगोळी काढणाऱ्या हाताला सांगावे लागत नाही. अंगण मोठे असेल आणि पाहणारा रस्त्यावरून पाहणार असेल, तर ठिपके विरळ चालतात. देवापुढच्या पाटाभोवतीची रांगोळी जवळून पाहावयाची असते, म्हणून तिचे ठिपके दाट असतात. दाट ठिपके म्हणजे चांगली रांगोळी आणि विरळ ठिपके म्हणजे वाईट, असे कोणी म्हणत नाही. हाच साधा विचार विजेच्या ठिपक्यांनी बनलेल्या फलकाच्या बाबतीत मात्र आपण सोडून देतो. तो का सोडू नये, आणि सोडल्याने काय गमावतो, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

आपल्या पिंपरी-चिंचवड परिसरात असे फलक आता जागोजागी दिसतात. निगडीपासून कासारवाडीपर्यंतच्या हमरस्त्यावर जाहिरातींचे, भोसरीच्या छोट्या कारखान्यांत उत्पादनाचे आकडे दाखवणारे, चाकणच्या मोटार कारखान्यांत जुळणीच्या रांगेवर टांगलेले, मंगल कार्यालयांत आणि नाट्यगृहांत रंगमंचामागे उभे केलेले. ते घेणारे नेहमी मोठे कारखानदारच असतात असे नव्हे. दहा-पंधरा माणसांचे वर्कशॉप चालवणारा उद्योजक, वर्गणी गोळा करणारे गणेश मंडळ, एखादी ग्रामपंचायत किंवा गृहनिर्माण संस्था, असेही ग्राहक असतात. विक्रेता विचारतो, 'पी किती पाहिजे?' आणि लगेच पुढे सांगतो, 'आकडा जितका लहान, तितका माल चांगला.' यातले पहिले वाक्य योग्य आहे. दुसरे अर्धसत्य आहे, आणि ते ग्राहकाला महाग पडते.

प्रथम 'पी' म्हणजे काय ते पाहू. फलकावरील प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, हा तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन सूक्ष्म दिव्यांचा समूह असतो. एकरंगी फलकात तो एकच दिवा असतो. एका ठिपक्याच्या मध्यापासून शेजारच्या ठिपक्याच्या मध्यापर्यंतचे मिलिमीटरमधील अंतर म्हणजे पिच. पी-१० म्हणजे दहा मिलिमीटर, पी-४ म्हणजे चार. यातला तांबडा दिवा निक होलोन्याक यांनी १९६२ साली अमेरिकेत तयार केला. त्याच साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढे आपल्या भागाचे रूप पालटले. प्रखर निळा दिवा मात्र १९९३ पर्यंत हाती आला नव्हता. तो जपानमध्ये सिद्ध झाला, आणि त्या कार्यासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्याविना पांढरा होत नाही, आणि पांढऱ्याविना चित्र होत नाही. म्हणून सर्व रंगांचे असे फलक त्यानंतरच सर्वत्र पसरले.

आता डोळ्याकडे वळू. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यामध्ये साधारण एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, कोन असावा लागतो. नेत्रवैद्याच्या भिंतीवरील अक्षरांचा तक्ता स्नेलेन या डच वैद्याने १८६२ मध्ये याच हिशेबाने बसवला. एक मीटरवरून एक कला म्हणजे ०.२९ मिलिमीटर. यावरून सोपे गणित निघते : पिचच्या आकड्याला ३.४ ने गुणले की जितके मीटर येतात, तितक्या अंतरापलीकडे ठिपके एकमेकांत मिसळून जातात. पी-१० चे ठिपके सुमारे ३४ मीटरपलीकडे वेगळे दिसत नाहीत, पी-४ चे १४ मीटरपलीकडे, पी-२ चे ७ मीटरपलीकडे.

परंतु ठिपके पुरते मिसळलेच पाहिजेत असा आग्रह नेहमी धरावा लागत नाही. हलते चित्र आणि मोठी अक्षरे मन आपोआप जोडून घेते. म्हणून धंद्यात एक ढोबळ नियम रूढ आहे : पिच जितके मिलिमीटर, तितके मीटर तरी सर्वांत जवळचा प्रेक्षक दूर असावा. ही झाली एक मर्यादा. मिसळण्याचे अंतर ही दुसरी. सर्वांत जवळचा माणूस सहा मीटरवर असेल, तर पी-६ पेक्षा विरळ फलक त्याला टोचेल, आणि पावणेदोन मिलिमीटरपेक्षा दाट फलक घेतला तर वाढीव पैशाचे त्याला काहीही दिसणार नाही. निवड या दोन मर्यादांच्या मध्ये करावयाची असते.

पैशाचा प्रश्न येथेच येतो. पिच निम्मा केला की ठिपके दुप्पट होत नाहीत, चौपट होतात. कारण ते आडवेही वाढतात आणि उभेही. एका चौरस मीटरमध्ये पी-१० चे १०,००० ठिपके बसतात, पी-५ चे ४०,०००, पी-२.५ चे १,६०,०००. किंमत अगदी त्याच प्रमाणात चढत नसली, तरी ती झपाट्याने चढते. शिवाय दिवा जितका बारीक, तितका तो नाजूक. धक्क्याने उडालेला एक ठिपका दुरुस्त करणेही तितकेच जिकिरीचे.

येथवरचे विवेचन कोणत्याही देशातील ग्राहकाला लागू पडते. मराठी वाचकाला त्यापुढे एक पाऊल टाकावे लागते, आणि बहुतेक माहितीपत्रके तेथे मौन पाळतात. रोमन अक्षर पाच स्तंभ आणि सात ओळींच्या ठिपक्यांत नीट उभे राहते. आपल्या लिपीत शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षर असते. शिरोरेषेला एक ओळ, वरच्या चिन्हांना तीन-चार, अक्षराच्या अंगाला सात-आठ, खालच्या चिन्हांना तीन-चार. म्हणजे किमान सोळा ओळी झाल्या. पी-१० चा बाजारात मिळणारा नेहमीचा तुकडा ३२० मिलिमीटर रुंद आणि १६० मिलिमीटर उंच असतो, आणि त्यात उंचीला सोळाच ठिपके असतात. त्यात मराठीची एक ओळ कशीबशी मावते. 'महाराष्ट्र' या शब्दातले 'ष्ट्र' नीट वाचता यावे असे वाटत असेल, तर चोवीस ओळी बऱ्या.

ही केवळ सौंदर्याची बाब नव्हे. सोळा ओळींच्या अक्षरात अनुस्वार हा बहुधा एकच ठिपका असतो. तो दिवा गेला की 'पिंपरी'ची 'पिपरी' होते, आणि त्यावर लोक हसून पुढे जातात. परंतु कारखान्यातील फलकावर 'यंत्र बंद' असे लिहिले असता दोन्ही अनुस्वार अस्पष्ट झाले, किंवा सूचना वीस मीटरवरच्या कामगाराला वाचताच आली नाही, तर ती गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. अशा वेळी अनेक ठिकाणी सूचना इंग्रजीतच ठेवण्याचा सोपा मार्ग पत्करला जातो. ज्याच्या सुरक्षिततेसाठी फलक लावला, त्यालाच मग तो परका होतो.

म्हणून आम्ही निवडीचा क्रम असा सुचवतो. सर्वांत जवळचा डोळा पिचची मर्यादा ठरवतो. सर्वांत दूरचा डोळा अक्षराची उंची ठरवतो. आणि त्या उंचीत किमान सोळा, शक्य तर चोवीस ठिपके बसतात की नाही, यावर निर्णय पक्का होतो. उंचीसाठी मात्रा-उकारांसह पूर्ण ओळ धरून दर मीटर अंतराला चार मिलिमीटर हे प्रमाण ठीक पडते. स्नेलेनच्या तक्त्यावरील सर्वसाधारण दृष्टीचे अक्षर सहा मीटरवरून सुमारे नऊ मिलिमीटर, म्हणजे मीटरला दीड, असते. परंतु ती झाली दृष्टीची परिसीमा. दिवसभर काम करून शिणलेल्या डोळ्याला आणि आपल्या लिपीला त्याहून अधिक सवलत हवी.

हा क्रम काही जागांना लावून पाहू. चाकणमधील एखाद्या जुळणीच्या शेडमध्ये नियोजित उत्पादन, प्रत्यक्ष उत्पादन आणि थांबलेले ठाणे दाखवणारा फलक उंचावर टांगावयाचा आहे. सर्वांत जवळचा कामगार दहा मीटरवर, सर्वांत दूरचा चाळीसवर. चाळीस मीटरला १६० मिलिमीटरची ओळ हवी, म्हणजे पी-१० चे सोळा ठिपके. एकरंगी पी-१० येथे पुरतो. सूचना लांबलचक आणि जोडाक्षरांच्या असतील, तर त्याच पिचचे चोवीस ठिपके घेऊन फलक उंचीला दीडपट करावा. पी-५ घेण्याचे कारण नाही. मात्र यंत्रांतून उडणारे तेलाचे तुषार आणि धातूची धूळ दिव्यांवर बसते, म्हणून फलकाचा दर्शनी भाग पुसता येण्याजोगा असावा.

आता सभागृह घेऊ. पहिली रांग पडद्यापासून सहा मीटरवर आणि शेवटची तीस मीटरवर आहे असे समजा. पी-४ चा पडदा ४.८ मीटर रुंद व २.७ मीटर उंच घेतला, तर त्यावर १,२०० गुणिले ६७५ ठिपके येतात. वक्त्याचा चेहरा ओळखू येतो, आणि तीस मीटरला लागणारी १२० मिलिमीटरची ओळ तीस ठिपक्यांत सुबक बसते. पी-२ घेतल्यास ठिपके चौपट होतील. परंतु त्याचा लाभ चौदा मीटरच्या आतल्या रांगांनाच होईल. मागे बसलेल्यांना दोन्ही सारखेच.

पुणे-नाशिक रस्त्यावर मोशीच्या आसपास जाहिरातीचा फलक उभारावयाचा असला, तर हिशेब आणखी निराळा. ताशी साठ किलोमीटरने जाणारे वाहन शंभर मीटर अंतर सहा सेकंदांत कापते. शंभर मीटरला ४०० मिलिमीटरचे अक्षर हवे, आणि पी-१० मध्ये त्याचे चाळीस ठिपके होतात. याहून दाट फलक चालकाला काहीच अधिक देत नाही. सहा सेकंदांत तो पाच-सहा शब्दच वाचतो, आणि त्याने रस्ताही पाहावयाचा असतो. भर उन्हात दिसण्यासाठी चौरस मीटरला पाच हजार कँडेलांच्या वरची दीप्ती लागते. रात्री ती आपोआप उतरली नाही, तर तोच फलक डोळे दिपवतो.

याच्या उलट, कारखान्याच्या बैठकीच्या खोलीत दोन मीटरवरून मोटारीच्या भागांचे आराखडे पाहावयाचे असतील, तर दोन मिलिमीटरचा फलकही विरळ पडतो. तेथे पंचावन्न इंची साधा दूरचित्रवाणी संच अधिक शहाणपणाचा. फुल एचडी संचात ठिपक्यांतील अंतर ०.६३ मिलिमीटरच असते.

एक सावधगिरी पिच वाढवणाऱ्यांनीही बाळगावी. मंडळे पुष्कळदा १.९२ मीटर गुणिले ०.९६ मीटरचा पी-१० फलक घेतात आणि त्यावर चित्रपट दाखवू पाहतात. त्यात एकूण ठिपके १९२ गुणिले ९६. प्रेक्षक कितीही दूर बसला, तरी तेवढ्या ठिपक्यांत चित्राचा तपशील कोठून येणार? पुरेसे ठिपके हवेत म्हणून तोच पी-१० मोठा करावा, तर १,६०० गुणिले ९०० साठी तो सोळा मीटर रुंद आणि नऊ मीटर उंच होईल. एवढ्या भरीव पृष्ठभागावर वाऱ्याचा दाब येतो. १७ एप्रिल २०२३ रोजी किवळे येथे वादळी पावसात जाहिरातीचा लोखंडी सांगाडा कोसळून आडोशाला थांबलेली पाच माणसे दगावली, हे आपल्या शहराने पाहिले आहे. तेव्हा मोठ्या फलकाचा विचार करताना सांगाड्याचे गणित पात्र अभियंत्याकडून करून घेणे हा खर्चाचा पहिला भाग मानावा.

खरेदीला निघण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात : जवळच्या माणसाचे अंतर, दूरच्या माणसाचे अंतर, आणि फलकावर यावयाचा सर्वांत अवघड मराठी मजकूर. अंतरे अंदाजाने सांगू नयेत, फीत लावून मोजावीत. तो मजकूर विक्रेत्याच्या नमुना-फलकावर प्रत्यक्ष उमटवून घ्यावा, आणि दुकानात दोन हातांवरून नव्हे, मोजलेल्या अंतरावर उभे राहून वाचावा. शक्य तर घरातल्या वयस्कर माणसालाही तो वाचावयास सांगावा. पसंत पडला, तर त्याच घाण्यातले चार-दोन तुकडे जादा घेऊन ठेवावेत. पुढे आणलेल्या तुकड्यांचा रंग बहुधा जुळत नाही.

विज्ञानाने हाती दिलेले साधन आपल्या अंगणाच्या मापाने वापरावे लागते. ते माप माहितीपत्रकात छापलेले नसते. फलक ज्यांच्यासाठी लावावयाचा, ते जेथे उभे राहतात तेथे जाऊनच ते घ्यावे लागते.