मणक्याच्या ऑपरेशननंतरचं दुखणं: गोळ्या कशासाठी, इंजेक्शन कशासाठी?

सरकलेली गादी काढली, टाके भरले, तरी पायातली कळ जात नाही. मग ‘ऑपरेशन फसलं’ असा निकाल घरातच लागतो. वेगवेगळ्या अभ्यासांत मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर १० ते ४० टक्के रुग्णांचं दुखणं टिकून राहिल्याचं दिसतं, आणि दरवेळी चूक सर्जनचीच नसते. शस्त्रक्रिया नसेवरचा दाब काढते; महिनोन्‌महिने दबलेल्या नसेतला बिघाड तिच्या हातात नसतो. शिवाय नसेभोवती व्रणाची जाळी होते, शेजारच्या सांध्यावर भार येतो, कधी गादी पुन्हा सरकते. एकाच पाठीत अशी दोन-तीन दुखणी असतील, तर एका गोळीने भागत नाही.

‘मला डिप्रेशनची गोळी का दिली?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि इंटरनेटवर नाव शोधून गोळी गुपचूप बंद करणारेही असतात. अमिट्रिप्टिलिन नैराश्यासाठी साधारण ७५ मिलिग्रॅम किंवा जास्त लागते, नसेच्या दुखण्यासाठी मात्र रात्री १० ते २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात होते. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारी वेदना दाबण्याची यंत्रणा ती बळकट करते. प्रीगाबालिन फिट्सवरही देतात. ती चिडलेल्या नसेचे संदेश मंद करते. दोन्ही गोळ्यांना काही आठवडे लागतात, त्यामुळे दुखेल तेव्हा एक घेण्यात अर्थ नाही. पण या गोळ्यांचं उगाच कौतुकही नको. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत सायटिकावर प्रीगाबालिनचा नकली गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही, चक्कर मात्र जास्त आली. योग्य डोस काही आठवडे घेऊनही फरक नसेल, तर ती वर्षानुवर्षं चालू ठेवू नये. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी, एका दिवसात तोडू नये.

वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधं कमी डोसात एकत्र देणं म्हणजे मिश्र उपचार. आपल्याकडे घोटाळा होतो तो एकाच घराण्यातली औषधं दुप्पट घेतल्याने. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल असते, मेडिकलवाला डायक्लोफेनॅक देतो, अंग दुखतंय म्हणून वर साधी पॅरासिटामॉल घेतली जाते. नावं तीन, पण सूज उतरवणारं औषध दोनदा आणि पॅरासिटामॉलही दोनदा! आराम वाढत नाही. जठरातून रक्तस्राव होण्याचा, मूत्रपिंड आणि यकृत बिघडण्याचा धोका मात्र वाढतो. ट्रामाडॉल या तीव्र वेदनाशामक गोळीबाबत आणखी सावध राहावं. प्रीगाबालिनसोबत ती गुंगी आणते आणि श्वास मंदावू शकतो. वय जास्त असेल किंवा दम्यासारखा श्वसनाचा विकार असेल तर विशेष. ड्युलॉक्सेटिन (नैराश्यावरचीच आणखी एक गोळी) किंवा अमिट्रिप्टिलिनसोबत फिट येण्याचा आणि सेरोटोनिन वाढून थरथर, ताप, गोंधळ होण्याचा धोका असतो.

पाठीतल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनबद्दल दोन टोकं आहेत: ‘लुळेपण येतं’ आणि ‘एका सुईत कायमचं बरं’. मज्जारज्जूला इजा होऊ शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये इशाराही दिला. पण असे प्रसंग फार विरळ आहेत. एक्स-रेच्या पडद्यावर सुई पाहून आणि रंगद्रव्य सोडून जागेची खात्री करण्याने धोका आणखी घटतो. ऑपरेशनच्या जागी जाळी असेल तर माकडहाडाजवळून, खालच्या वाटेने औषध सोडता येतं. आराम मिळाला तरी तो बहुधा काही आठवडे ते काही महिने टिकतो. काही इंजेक्शनं तर उपचारापेक्षा तपासणीसाठीच असतात. सांध्याकडे जाणारी बारीक नस बधिर करून दुखणं तेवढ्यापुरतं थांबलं, तर उगम सापडला; मग ती नस रेडिओलहरींनी तापवून सहा महिने ते वर्षभर आराम मिळू शकतो.

हा आराम कायमचा नसतो, म्हणूनच इंजेक्शननंतर लगेच सगळ्या गोळ्या सोडू नयेत. दुखणं उतरलेल्या त्या काळात चालणं आणि फिजिओथेरपी वाढवायची, गोळ्या नंतर एकेक करून उतरवायच्या. स्टिरॉइडमुळे काही दिवस शुगर चढते, तेव्हा मधुमेह असेल तर घरी मोजत राहावं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावं, पण ती स्वतःहून बंद करू नये, विशेषतः हृदयात स्टेंट असेल तर. आणि लघवी अडली किंवा नकळत झाली, जांघेभोवती बधिरता आली, पाऊल उचलेना, किंवा इंजेक्शननंतर ताप भरला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठावं.