बॉण्डावरचा दंड, घरफाळ्यावरची शास्ती

हुपरीत घर म्हणजे नुसती राहायची जागा नसते. पुढच्या खोलीत पैंजणाचं काम, मागं चांदीची आटणी, वर संसार. धंदा वाढला की लगतची जागा घ्यायची, भाऊ वेगळे झाले की मधे भिंत घालायची. असे कितीतरी व्यवहार बॉण्डावरच उरकले. तो कागद आजही पत्र्याच्या पेटीत असतो: घडीवर चिरलेला, मागं मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का, खाली साक्षीदारांचे अंगठे. माणसं शब्दाला पक्की होती. पुढं मुलगा कर्जासाठी बँकेत जातो, तेव्हा मुद्रांक शुल्क कमी पडल्याचं कळतं.

कमी पडलेल्या शुल्कावर महिन्याला 2 टक्के दंड बसतो आणि तो चौपटीपर्यंत चढतो. 10,000 रुपयांची तूट असेल तर सतरा वर्षांच्या आत दंडच 40,000 होतो. मुद्रांक कार्यालयात टेबलामागचा माणूस हळहळतो, पण आकडा कमी करणं त्याच्या हातात नाही. शुल्क माफ करायचं तर शासनाचाच आदेश लागतो.

2019 मध्ये राहत्या घरांच्या दस्तांवरचा दंड तुटीच्या 10 टक्क्यांवर आणला गेला. खरा दिलासा आला तो 1 डिसेंबर 2023 पासूनच्या अभय योजनेनं. 1980 ते 2000 या काळातल्या दस्तात तूट लाखाच्या आत असेल, तर शुल्क आणि दंड दोन्ही माफ होत होते. पेटीतल्या कागदांचा काळ नेमका हाच! पण ज्यांनी वाटणी वहीच्या साध्या पानावर लिहून घेतली, त्यांना हे दार बंदच राहिलं. त्यांची लबाडी नव्हती. मुद्रांकच न लावलेला कागद योजनेत बसत नव्हता, एवढंच. याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याआधीच, 2017 मध्ये, गावाची नगरपरिषद झाली होती. खरेदीवरचा जिल्हा परिषदेचा 1 टक्का अधिभार नगरपरिषदेच्या नावावर गेला. घरफाळा थकला तर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 150-अ प्रमाणे महिन्याला 2 टक्के शास्ती लागू झाली. 5,000 थकले तर महिन्याला 100 रुपये. पन्नास महिन्यांत शास्ती मुद्दलाइतकी. मंदीत भट्टी थंड असली तरी शास्ती चालूच राहते. आणि ही शास्ती माफ करण्याची तरतूदच कायद्यात नव्हती. मुख्याधिकाऱ्यांपुढं कितीही अर्ज केले तरी उत्तर एकच मिळायचं.

एप्रिल 2025 मध्ये मंत्रिमंडळानं ती वाट मोकळी केली. नगरपरिषदेनं प्रस्ताव द्यायचा, ठरावीक मर्यादेपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांनी मंजूर करायचा, त्यापुढं शासनानं. वेळेवर भरणारा विचारतो, मग मी काय चूक केली? त्याचं म्हणणं रास्त आहे. म्हणूनच माफी शास्तीची आहे, घरफाळ्याची नाही. मूळ रक्कम दोघांनाही सारखीच भरावी लागते.