सालीच्या दाराआडचा कोळी

टॅरांटुला या नावाने ओळखले जाणारे थेराफोसिडी कुलातील केसाळ कोळी बहुतांशी जमिनीत बिळे करून राहतात. परंतु दक्षिण अमेरिकेत त्यांतील काही गट वृक्षवासी झाले असून, टायफोक्लेना हा त्यांपैकी सर्वांत लहान चणीचा आणि कमालीचा दुर्मीळ गट होय. टायफोक्लेना ही प्रजाती, म्हणजे परस्परांशी जवळचे नाते असलेल्या जातींचा समूह, केवळ ब्राझीलमध्ये आढळते. एखादा जीव विशिष्ट भूप्रदेशाबाहेर निसर्गतः कोठेही आढळत नसेल, तर त्याला प्रदेशनिष्ठ म्हणतात, आणि या अर्थाने टायफोक्लेनाच्या सर्व जाती प्रदेशनिष्ठ आहेत.

जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लुडविग कोख यांनी १८४१ मध्ये यांतील सेलाडोनिया या जातीचे वर्णन केले आणि १८५० मध्ये तिच्यासाठी टायफोक्लेना ही प्रजाती स्थापन केली. पुढे साओ पाउलो येथील बुटांटान संस्थेचे रोजेरिओ बेर्तानी यांनी २०१२ मध्ये टायफोक्लेना, पॅकिस्टोपेल्मा व इरिडोपेल्मा या तीन प्रजातींची सविस्तर फेरतपासणी करून नऊ नव्या जातींची नोंद केली. त्यांतील चार टायफोक्लेनाच्या असल्यामुळे या प्रजातीतील जातींची संख्या पाच झाली.

या पाच जातींचा नकाशा बोलका आहे. सेलाडोनिया व पास्कोआली या जाती बाहियाच्या परिसरात, अम्मा ही एस्पिरितो सांतो राज्यात आणि कुरुमिम ही ईशान्येकडील पराईबा राज्यात सापडते, तर कोस्टाए ही अंतर्भागातील तोकांतिन्समध्ये, म्हणजे सेरादो या विरळ वृक्षांच्या गवताळ प्रदेशात राहते. पहिल्या चार जातींची वस्ती ज्या पट्ट्यात आहे, ते पूर्व किनाऱ्यालगतचे अटलांटिक वन ऊस, कॉफी, गुरांची कुरणे आणि वाढती शहरे यांच्यासाठी शतकानुशतके तोडले गेल्याने आज तुकड्यातुकड्यांनीच उरले आहे.

इतकी मर्यादित व्याप्ती असण्याचे कारण या कोळ्यांच्या जीवनक्रमात आहे. अनेक कोळ्यांची पिल्ले रेशमाचा धागा हवेत सोडून वाऱ्याबरोबर दूरवर जातात, पण टॅरांटुलांमध्ये हा प्रकार सहसा दिसत नाही; माद्या आपले बीळ वा निवारा फारसा सोडत नाहीत आणि भटकंती मुख्यतः प्रौढ नरच करतात. त्यामुळे वन दुभंगले की दोन बाजूंच्या समूहांचा संबंध तुटतो आणि दीर्घ काळानंतर त्यांच्या वेगळ्या जाती होऊ शकतात. त्यातच अधिवासाची निवडही अत्यंत काटेकोर असते. सेलाडोनिया झाडाच्या सालीत पोकळी करून तिला झडपेसारखे दार बसवते, तर पॅकिस्टोपेल्माचे कोळी अननसाच्या कुलातील, पानांच्या बेचक्यात पाणी साठवणाऱ्या ब्रोमेलिया वनस्पतींमध्ये राहतात आणि उन्हाने तापलेल्या उघड्या प्रदेशातही त्यांना तेथे ओलावा मिळतो.

वरील तीनपैकी पॅकिस्टोपेल्मा व इरिडोपेल्मा या प्रजाती रेजिनाल्ड पोकॉक यांनी १९०१ मध्ये स्थापन केल्या. त्यांनीच १८९९ मध्ये आंध्र प्रदेशातील गुत्ती येथे मिळालेल्या नमुन्यावरून पोसिलोथेरिया मेटॅलिका या निळ्या वृक्षवासी कोळ्याचे वर्णन केले होते. ती जातीही पूर्व घाटातील अत्यंत लहान क्षेत्रापुरती असून अतिशय धोक्यात आहे, म्हणजे दोन्ही खंडांत संकटाचे स्वरूप एकच आहे.

विस्तृत प्रदेशात पसरलेल्या जातीचे एक वन तोडले, तर तिचा एक अंश जातो. परंतु एखाद्याच वनखंडापुरती उरलेली जात त्या वनाबरोबरच संपते. म्हणून अशा जीवांच्या बाबतीत किती वन वाचले, यापेक्षा कोणते वन वाचले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर झाडे तोडण्यापूर्वीच शोधले पाहिजे.