यादींतील एक शब्द

नागपूर शहराच्या मध्यभागीं गोवारी शहिदांचें स्मारक आहे. ता. २३ नोव्हेंबर १९९४ रोजीं विधानभवनाकडे निघालेल्या मोर्चांत चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी बांधव मृत्यु पावले. त्यांत स्त्रिया व मुलें पुष्कळ होतीं. आपणांस अनुसूचित जमातींत गणावें, एवढीच त्यांची मागणी होती. त्या गणनेस इतकें महत्त्व कां, हें पाहूं.

राज्यघटनेच्या ३४२ व्या कलमान्वयें कोणत्या जमाती अनुसूचित समजावयाच्या, हें राष्ट्रपति जाहीर करतात. पुढें त्या यादींत नांव घालण्याचा अथवा वगळण्याचा अधिकार केवळ संसदेस आहे. यादींतील जमातींस शिक्षणांत, सरकारी नोकरींत व विधिमंडळांत राखीव जागा मिळतात. महाराष्ट्राच्या यादींत १८ व्या क्रमांकावर गोंडांसमवेत ‘गोंड गोवारी’ हें नांव आहे. नुसतें ‘गोवारी’ नाहीं. गुरें राखणें हा ज्यांचा परंपरागत व्यवसाय, ते गोवारी म्हणतात, ‘तें नांव आमचेंच होय.’

ता. १४ ऑगस्ट २०१८ रोजीं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें हें म्हणणें मान्य केलें. गोंड गोवारी ही निराळी जमात १९११ पूर्वींच नामशेष झाली, सबब यादींतील शब्दानें गोवारीच समजावे, असा तो निर्णय होता. परंतु ता. १८ डिसेंबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. यादी जशी लिहिली आहे तशीच वाचावी, तिचा अर्थ वाढविण्याचा अधिकार न्यायालयांस नाहीं, हें तत्त्व त्यानें कायम ठेविलें. हलबा-कोष्टींच्या प्रकरणीं २००० सालींहि असेंच ठरलें होतें. मात्र मधल्या काळांत गोवारी मुलांस मिळालेले प्रवेश व नोकऱ्या अबाधित राखण्याची दया न्यायालयानें दाखविली.

हा निर्णय कठोर वाटेल. परंतु राखीव जागा मोजक्याच असतात. नव्या नांवास वाट दिली, तर रानांतील गोंड-कोरकूंच्या मुलांचा वांटा कमी होतो. म्हणून यादी बदलावयाची ती संसदेनें, पूर्ण विचारानें.

पालकांसहि एक विनंति आहे. जमातीच्या दाव्यांत आजोबा-पणजोबांच्या वेळच्या शाळेंतील दाखल-खारीज रजिस्टराची नोंद फार मोलाचा पुरावा मानली जाते. त्या काळच्या गुरुजींनीं घाईंत लिहिलेला एक शब्द आज नातवाचें भवितव्य ठरवितो. तेव्हां मुलाचें नांव घालतांना नोंद खरी व पूर्ण आहे, हें स्वतः वाचून पाहावें.