मॅनेज्ड आणि अनमॅनेज्ड कोड: दोष दिसतो कोठे, असतो कोठे

मायक्रोसॉफ्टने २००२ साली डॉट नेट प्रसिद्ध केले, तेव्हा सी आणि सी प्लस प्लस या भाषांत लिहिलेले व वर्षानुवर्षे वापरात मुरलेले प्रोग्रॅम इतके होते, की ते टाकून देण्याची कल्पनाही व्यवहार्य नव्हती. म्हणून रनटाइमच्या देखरेखीखाली चालणाऱ्या मॅनेज्ड कोडला त्या देखरेखीबाहेरच्या अनमॅनेज्ड कोडमधील फंक्शन कॉल करता यावे, अशी पी-इन्व्होक नावाची तजवीज पहिल्या आवृत्तीपासूनच करण्यात आली. ही तजवीज अत्यंत उपयुक्त आहे; परंतु या दोहोंच्या सीमेवर उद्भवणाऱ्या दोषांविषयी अनुभवी प्रोग्रॅमरांच्याही मनांत काही समजुती अशा घट्ट बसल्या आहेत, की त्यांपायी तपासाचे दिवसच्या दिवस भलत्या ठिकाणी खर्ची पडतात.

त्यांतली सर्वांत प्रबळ समजूत अशी, की डॉट नेटची सी शार्प भाषा मेमरी सुरक्षित राखते, तेव्हा प्रोग्रॅम कोसळला तर अपराध नेटिव्ह, म्हणजे अनमॅनेज्ड, डीएलएलचाच असला पाहिजे. वस्तुतः ही सुरक्षितता सीमेपर्यंतच टिकते. पी-इन्व्होकसाठी डीएलएलइम्पोर्टखाली आपण जे डिक्लेरेशन लिहितो तो एक करारनामाच असतो, पण त्यावर दुसऱ्या पक्षाची सही नसते: सी भाषेतील फंक्शन डीएलएलमधून बाहेर दिसते ते केवळ नावाने, त्याला आर्ग्युमेंट किती आणि कोणत्या प्रकारचे याची नोंद तेथे नसते, आणि म्हणून कंपायलर वा रनटाइम यांपैकी कोणालाही आपले म्हणणे पडताळून पाहता येत नाही. विंडोजवर सीमधील लाँग ३२ बिटांचा, तर सी शार्पमधील लाँग ६४ बिटांचा. तरीही नाव सारखे म्हणून तो जसाच्या तसा उतरवला जातो. याहूनही फसवे आहे बूलचे प्रकरण. विंडोजवर सी प्लस प्लसचा बूल एक बाइटचा असतो, आणि डॉट नेट मात्र, वेगळे काही सांगितले नसल्यास, विन३२च्या जुन्या प्रथेप्रमाणे तो चार बाइटचा धरते. नेटिव्ह फंक्शनने ‘फॉल्स’ परत केले की रजिस्टरमधला सर्वांत खालचा बाइट तेवढा शून्य होतो, आणि वरच्या तीन बाइटांत आधीच्या कामाचे काही अवशेष राहिले असतील, तर रनटाइम चारही बाइट वाचून ‘ट्रू’ असा निर्वाळा देतो. अशा वेळी नेटिव्ह कोड निर्दोष असतो, सी शार्पमधील सारा युक्तिवाद निर्दोष असतो, आणि निकाल मात्र कधी बरोबर, कधी चूक निघतो. परतीचे मूल्य एक बाइटचे आहे, एवढे मार्शलॲज या ॲट्रिब्यूटने स्पष्ट नोंदवले की हा दोष कायमचा मिटतो.

दुसरी समजूत, म्हणजे ज्या ओळीवर प्रोग्रॅम कोसळला त्याच ओळीत चूक आहे ही, तपासाची सर्वाधिक हानी करते. कीबोर्डवर लक्ष ठेवण्यासाठी विंडोजला हुक देताना आपण एखाद्या ऑब्जेक्टची मेथड कॉलबॅक म्हणून देतो, तेव्हा पडद्याआड एक डेलिगेट तयार होतो. विंडोज त्याचा पत्ता जपून ठेवते, पण मॅनेज्ड बाजूला त्या डेलिगेटकडे बोट दाखवणारे कोणीच उरत नाही, आणि गार्बेज कलेक्टर, ज्याला नेटिव्ह बाजूच्या पॉइंटरांची काहीच वार्ता नसते, तो पुढच्या फेरीत त्याला नाहीसा करतो. त्यानंतर केव्हातरी एखादी कळ दाबली जाते, आणि प्रोग्रॅम हुक दिलेल्या ओळीशी काडीचा संबंध नसलेल्या ठिकाणी मरतो. डिबग बिल्डमध्ये स्थानिक व्हेरिएबल मेथड संपेपर्यंत जिवंत राहतात, रिलीजमध्ये शेवटच्या वापरानंतर ती मोकळी मानली जातात; त्यामुळे आपल्या टेबलावर नीट चालणारे काम ग्राहकाकडे बिघडते. यावर डेलिगेट पिन करून ठेवावा असे अनेक जण सुचवतात, परंतु त्याची आवश्यकता नाही. हुक काढून घेईपर्यंत डेलिगेट एखाद्या स्टॅटिक फील्डमध्ये धरून ठेवणे पुरेसे आहे.

डीएलएल सापडत नाही असा एरर आला म्हणजे फाइलच गहाळ आहे, असेही नव्हे. पुष्कळदा ती जागेवरच असते, आणि ती ज्या दुसऱ्या डीएलएलवर अवलंबून आहे, उदाहरणार्थ व्हिज्युअल सी प्लस प्लसचा रनटाइम, ती त्या मशीनवर नसते. तसेच बॅड इमेज फॉरमॅट या भयंकर नावामागे बहुधा ३२ बिटांच्या डीएलएलला ६४ बिटांच्या प्रोसेसमध्ये ओढण्याचा साधा प्रमाद असतो. शिवाय ६४ बिटांवर सुरळीत चालते म्हणून कॉलिंग कन्व्हेन्शन बरोबर आहे, असा निष्कर्ष काढू नये. ६४ बिटांच्या विंडोजवर सीडेक्ल आणि एसटीडीकॉल यांतला भेदच उरत नसल्याने तेथे ही चूक झाकली जाते व ३२ बिटांवर उघडी पडते.

ट्राय-कॅच लावला की सर्व निभावते, या समजुतीला मात्र ठाम विरोध करावासा वाटतो. २०१० साली आलेल्या डॉट नेट फ्रेमवर्क ४ पासून ॲक्सेस व्हायोलेशनसारखा अपवाद साध्या कॅचच्या हाती लागत नाही. खास ॲट्रिब्यूट लावून तो पकडण्याची मुभा तेथे होती, पण डॉट नेट कोअरने तीही मानली नाही. हा निर्णय मला सर्वथा योग्य वाटतो, कारण मेमरी बिघडल्यावरही चालू राहिलेला प्रोग्रॅम चुकीच्या रकमा आणि चुकीच्या नोंदी बिनबोभाट जतन करीत राहतो, आणि ते नुकसान कोसळण्याहून कितीतरी अधिक असते.

तपास करायचा तर प्रथम डीबगरमध्ये नेटिव्ह डीबगिंग चालू करावे, कारण त्यावाचून स्टॅकचा अर्धाच भाग दिसतो. मग हेडर फाइल समोर ठेवून प्रत्येक डिक्लेरेशन अक्षरशः ताडून पाहावे, आणि परत आलेली मेमरी कोणी मोकळी करायची हेही ठरवून घ्यावे: नेटिव्ह फंक्शनचे परतीचे मूल्य स्ट्रिंग म्हणून घोषित केले, तर रनटाइम ती मेमरी को-टास्क-मेम-फ्रीने मोकळी करू पाहतो, आणि ती मुळात मॅलॉकने घेतलेली असेल तर हीप बिघडतो. एवढ्यानेही पत्ता लागला नाही, तर विंडोजच्या साधनांपैकी पूर्ण पेज हीप चालू करावा. तो नेटिव्ह हीपवरील प्रत्येक वाटपानंतर स्पर्शवर्ज्य असे पान ठेवतो, त्यामुळे बफरबाहेर लिहिणारी सूचना त्या पानाला शिवताच प्रोग्रॅम तेथल्या तेथे थांबतो. यात मेमरी फार लागते आणि गतीही मंदावते, म्हणून तो तपासाधीन प्रोग्रॅमपुरताच चालू करावा आणि काम झाल्यावर आठवणीने बंद करावा.